मुधोळचा कारवानी: वेगवान शिकारी, अबोल राखणदार

दख्खनच्या खेड्यापाड्यांत ‘कारवानी’ म्हणून परिचित असलेला शिकारी कुत्रा श्वानप्रेमींमध्ये मुधोळ हाउंड या नावाने ओळखला जातो. मध्य आशिया व अरबस्तानातून व्यापारी तांड्यांसमवेत आलेल्या सलुकीसारख्या कुत्र्यांपासून ही जात निपजली, असे मानले जाते. ‘कारवानी’ हे नाव त्या ‘कारवाँ’चीच खूण. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान, आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जातीला राजाश्रय दिला. शिवकाळाशी तिचे नाते सांगणाऱ्या कथांत मात्र दंतकथेचाच भाग अधिक.

निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंची. वासापेक्षा नजरेवर भिस्त ठेवून हा कुत्रा भक्ष्यामागे धावतो. सशाची शिकार हा त्याचा पिढीजात उद्योग. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती आता गुन्हा आहे.

राखणदार म्हणून त्याचा लौकिक मोठा. त्यापायी शहरांतही त्याला मागणी असते. स्वभावाने तो धन्याशी एकनिष्ठ, परक्यांशी फटकून वागणारा. अनोळखी हात अंगाला लागलेला त्याला खपत नाही. याचा अर्थ तो उगाच अंगावर धावून जाणारा आहे, असा नव्हे. मोकळे रान व रोजची दौड मिळाली नाही, तर तो बिथरतो. सदनिकेच्या गॅलरीत साखळीने बांधून ठेवण्याचा हा प्राणी नाही.

टपाल खात्याने २००५ मध्ये त्याच्यावर तिकीट काढले. २०१६ मध्ये लष्कराने मेरठ येथे त्याचे प्रशिक्षण सुरू केले.