दाबाखालचा ऑक्सिजन आणि हृदयविकाराचा झटका

सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे का येतात, हे आपण वर्गात सांगतो. दाब जास्त असेल तर द्रवात वायू अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री याने १८०३ साली मांडला. शिकवताना आपण बहुधा सोड्यापाशीच थांबतो. याच नियमाच्या भरवशावर हृदयविकाराच्या रोग्यांना वाचवण्याचे प्रयत्नही झाले, त्याची ही हकिकत.

१०० मि.ली. रक्तात सुमारे २० मि.ली. ऑक्सिजन असतो आणि तो जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला जोडलेला असतो. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मि.ली. भरतो. हिमोग्लोबिन आधीच भरलेले असल्याने दाब वाढवून त्यात फारशी भर पडत नाही. विरघळलेला भाग मात्र हेन्रीच्या नियमाने वाढतो. तीन वातावरणे दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो सुमारे ६ मि.ली. होतो. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर १०० मि.ली. रक्तातून साधारण ५ मि.ली. ऑक्सिजन काढून घेते. म्हणजे हिशेबाने लाल पेशींवाचूनही भागायला हवे!

ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक इटे बुरेमा यांनी हा हिशेब पडताळून पाहिला. दाबकक्षात ठेवलेल्या डुकरांचे रक्त काढून त्यांनी जागी लाल पेशी नसलेला द्रव भरला. डुकरे जगली आणि रक्त परत दिल्यावर सावरली. १९६० साली त्यांनी हे ‘रक्ताविना जीवन’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसिद्ध केले.

झटक्यात हृदयाच्या स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही, तेव्हा हा उपाय तेथे वापरावा असे वाटणे साहजिकच होते. ग्लासगोमध्ये स्मिथ आणि लॉसन यांनी १९५८ मध्येच कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी बांधून प्रयोग केले होते. दाबाखालचा ऑक्सिजन मिळालेल्या कुत्र्यांत हृदयाची जीवघेणी फडफड कमी दिसली. पण या विचारात एक अडचण होती. रोहिणी गुठळीने बंद झाली असेल तर तिच्यापुढे रक्तच जात नाही. मग त्यात विरघळलेला ऑक्सिजन तरी कसा जाणार? शेजारच्या बारीक वाहिन्यांतून कडेच्या स्नायूला थोडा पोचेल इतकेच. शिवाय जादा ऑक्सिजनने हृदयाच्या रोहिण्या आकुंचन पावतात.

तेव्हा रोग्यांवरच तुलना करून पाहणे भाग होते. लंडनमध्ये थर्स्टन आणि सहकाऱ्यांनी तसे केले व १९७३ मध्ये निष्कर्ष दिले. दाबकक्षात उपचार घेतलेल्या १०३ रोग्यांपैकी १७ दगावले, नेहमीचे उपचार घेतलेल्या १०५ पैकी २४. सात जीव वाचले म्हणायचे का? येथे वर्गाला कामाला लावता येईल. प्रत्येक मुलाने ४१ वेळा नाणे उडवावे आणि छापा-काटा मोजावे. १७-२४ इतकी किंवा त्याहून विषम वाटणी साधारण दर तिसऱ्या मुलाकडे निघेल, आणि नाण्याला तर कोणी औषध दिलेले नसते. सात जण वाचले असतीलही. पण २०८ रोग्यांवरून तसे म्हणता येत नाही. मला हा आकडा पाहिला की हळहळ वाटते: आणखी काही हजार रोगी घेतले असते तर प्रश्न तेव्हाच निकाली निघाला असता. पण बंद कक्षात एका वेळी मावणार किती रोगी? शिवाय शुद्ध ऑक्सिजनपाशी आगीचे भय असतेच.

दरम्यान मूळ अडचणीवरच उपाय निघाला. १९८६ साली इटलीत ११ हजारांहून अधिक रोग्यांवर केलेल्या चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू घटल्याचे दिसले. नव्वदच्या दशकात अशा औषधाला जोड म्हणून दाबाखालचा ऑक्सिजन पुन्हा आजमावला गेला, पण लहान प्रमाणावरच. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या मिळून रोगी भरले ६६५. मृत्यू कमी दिसले, पण चाचण्या लहान आणि सदोष. म्हणून सरसकट वापर समर्थनीय नाही असा निर्वाळा मिळाला. साधा, मुखवट्यातून दिला जाणारा ऑक्सिजनही मग तपासला गेला. स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६,६२९ जण होते. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असलेल्या या रोग्यांत वर्षभरातील मृत्यू ऑक्सिजन घेतलेल्यांत ५.० टक्के, न घेतलेल्यांत ५.१ टक्के निघाले.

दाबकक्ष मात्र अडगळीत गेले नाहीत. पाणबुड्यांच्या रक्तात बुडबुडे धरले, कोळशाच्या धुराची विषबाधा झाली, तर रोग्याला तेथे ठेवतात. बुरेमांचे सहकारी ब्रुमेलकाम्प यांनी १९६१ पासून वायुकोथावर, म्हणजे जखम सडवणाऱ्या गॅस गँग्रीनवर, तो वापरला. त्या रोगाच्या जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही.