सामुराई-चित्रपट : तपशिलाची अचूकता आणि इतिहासाचे सत्य

१

ऐतिहासिक चित्रपटाविषयी इतिहासाचा अभ्यासक बोलू लागला म्हणजे त्याचे बोलणे बहुधा तक्रारीचे असते. पोशाख त्या काळचा नाही, शस्त्र त्या शतकातले नाही, अमुक पुरुष त्या लढाईपूर्वीच वारला होता, अशी दोषांची यादी तो पुढे ठेवतो. चित्रपटाच्या कैवाऱ्यांचे उत्तरही तसेच ठरीव असते : प्रेक्षक करमणुकीसाठी येतो, परीक्षेसाठी नव्हे. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते. ती ही की, अचूकता आणि मनोरंजन ही एकाच तराजूची दोन पारडी असून एक वर गेल्यावाचून दुसरे खाली येत नाही. जपानमधील सामुराई-चित्रपटांचा इतिहास पाहता हे गृहीतक टिकत नाही. तपशिलाने काटेकोर असलेला चित्रपट इतिहासाविषयी असत्य बोलू शकतो आणि सर्वस्वी कल्पित कथानकाचा चित्रपट इतिहासातील एखादे दडपलेले सत्य प्रकट करू शकतो. म्हणून अचूकता किती, या प्रश्नाबरोबरच अचूकता कशाची आणि कोणासाठी, हेही विचारले पाहिजे.

जपानी भाषेत ऐतिहासिक नाट्याला व चित्रपटाला ‘जिदाइगेकी’, म्हणजे कालनाट्य, अशी संज्ञा आहे. सर्वसाधारणपणे १८६८ च्या मेइजी राज्यपरिवर्तनापूर्वीचा काळ तिच्यात अभिप्रेत असतो. यांतील तलवारबाजीला वाहिलेल्या प्रकारास ‘चान्बारा’ म्हणतात. हा शब्द पात्यांच्या खणखणाटाचे अनुकरण करणाऱ्या ध्वन्यनुकारी शब्दापासून बनला आहे. एका संज्ञेत काळ आहे, तर दुसरीत केवळ आवाज आहे. वर सांगितलेला वाद जणू या दोन शब्दांतच साठवलेला आहे.

२

इतिहास आणि रंजन यांची ही ओढाताण चित्रपटाबरोबर जन्मास आली असे नाही. १७०१ मध्ये आको येथील सरदार आसानो नागानोरी याने एदोच्या गढीत किरा योशिनाका या दरबारी अधिकाऱ्यावर शस्त्र उगारले. त्याला त्याच दिवशी आत्महननाची शिक्षा झाली व त्याचे संस्थान खालसा करण्यात आले. १७०३ च्या जानेवारीअखेर त्याच्या सत्तेचाळीस सेवकांनी किराच्या वाड्यावर छापा घालून त्याचा वध केला आणि पुढे त्यांतील सेहेचाळीस जणांनी शासनाच्या आज्ञेने पोट चिरून घेतले. तोकुगावा राजवटीत समकालीन सरदारघराण्यांच्या घटना रंगभूमीवर आणण्यास बंदी होती. त्यामुळे १७४८ मध्ये ओसाका येथे आलेल्या ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या बाहुलीनाट्यात सारी कथा चौदाव्या शतकात नेऊन ठेवण्यात आली व पात्रांची नावेही बदलण्यात आली. काळ खोटा, नावे खोटी. परंतु कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते. येथे इतिहासाशी केलेली फारकत मनोरंजनाने लादलेली नसून राजसत्तेच्या भयाने लादलेली होती.

याच कथेचे दुसरे टोक १९४१-४२ मध्ये दिसते. मायामा सेइका यांच्या नाट्यमालिकेवरून केन्जी मिझोगुची यांनी ‘गेन्रोकु चुशिंगुरा’ हा दोन भागांचा चित्रपट निर्माण केला. एदोच्या गढीतील ज्या दालनात आसानोने शस्त्र उगारले, त्या ‘पाइन वृक्षांच्या दालना’ची पूर्णाकृती प्रतिकृती त्यासाठी उभारण्यात आली. वास्तू, वस्त्रे, दरबारी शिष्टाचार या बाबतींत एवढी काळजी घेतलेले चित्रपट थोडेच असतील. मनोरंजनाचा त्यागही तितकाच पुरा होता. ज्या छाप्यासाठी प्रेक्षक दोनशे वर्षे ही कथा पाहत आला, तो छापा पडद्यावर मुळी दाखविलाच नाही. त्याचे वृत्त एका पत्राच्या वाचनातून कळते.

तथापि हा चित्रपट राष्ट्रीय धोरणाच्या पुरस्कारासाठी शासनाच्या पाठबळाने निघाला होता. त्याचा पहिला भाग पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी एक आठवडा, १ डिसेंबर १९४१ रोजी, प्रदर्शित झाला. धन्यासाठी देहत्याग करणाऱ्या सेवकांची कथा त्या क्षणी कोणास व कशासाठी ऐकविली जात होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. दालनाचे खांब अचूक होते. परंतु त्या खांबांच्या अचूकतेने एका विशिष्ट निष्ठेला सनातनतेचे प्रमाणपत्र मिळवून दिले. पुढे नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकी ताबा-प्रशासनाने चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी काढली, तीत सरंजामी निष्ठा व सूडाचे समर्थन यांचा समावेश होता. चित्रपटातील ‘केवळ इतिहास’ हा केवळ इतिहास नसतो, हे सत्ताधाऱ्यांनी दोन्ही वेळा बरोबर ओळखले होते.

३

अकिरा कुरोसावा यांच्या ‘शिचिनिन नो सामुराई’ (सात सामुराई, १९५४) या चित्रपटाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्यातील किकुचियो नावाचे पात्र आपले कुलीनत्व सिद्ध करण्यासाठी एक वंशावळ दाखविते. तीतील जन्मवर्षाप्रमाणे त्याचे वय तेरा भरते आणि सर्वत्र हशा पिकतो. या विनोदातूनच कथेचा काळ निश्चित होतो. जन्म तेन्शो २, म्हणजे १५७४. अर्थात कथा १५८६ च्या सुमाराची. याचा अर्थ असा की, तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडील शस्त्रे जप्त करण्याचा जो हुकूम १५८८ मध्ये काढला, त्याच्या अवघी दोन वर्षे आधीची.

त्या काळचे खेडे मात्र चित्रपटात दिसते तसे निःशस्त्र व युद्धाविषयी अजाण नव्हते. युद्धकाळातील गावांना स्वतःची संघटना होती, शस्त्रे होती. ती लढत, तडजोडी करीत आणि प्रसंगी पराभूत योद्ध्यांची शिकारही करीत. १५८२ मध्ये यामाझाकीच्या लढाईनंतर पळणारा आकेची मित्सुहिदे गावकऱ्यांच्या हातून मारला गेला, अशी परंपरागत हकीकत आहे. इतिहासकार फुजिकी हिसाशी यांनी तर शस्त्रजप्तीनंतरही गावांतील शस्त्रे पुरती नाहीशी झाली नव्हती, असे साधार प्रतिपादिले आहे. शेतकरी आणि योद्धा यांच्यामधील भिंत १५८६ मध्ये अद्याप बांधली जात होती. चित्रपटाने ती पूर्वीच उभी असल्याचे मानले. म्हणजे एदो काळाची समाजरचना त्याने मागच्या शतकावर लादली, असा आक्षेप योग्यच ठरतो.

परंतु येथे थांबणे अन्यायाचे होईल. गावकऱ्यांनी लपवून ठेवलेली, मेलेल्या योद्ध्यांच्या अंगावरून काढलेली चिलखते व भाले किकुचियो ओढून बाहेर काढतो, त्या प्रसंगात वर सांगितलेला सारा इतिहास लख्ख उभा राहतो. हा किकुचियो स्वतः शेतकऱ्याचा पोर असून सामुराई म्हणून वावरू पाहणारा आहे. भिंत ओलांडता येण्याचा काळ संपत आल्याची जाणीव त्याच्याच रूपाने चित्रपटात वावरते. शिवाय सातांपैकी जे चार योद्धे मरतात, ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. तलवारीने त्यांतील एकालाही मरण येत नाही. चित्रपट चौकटीत चुकला आहे. परंतु काळाची दिशा त्याने बरोबर पकडली आहे.

४

बंदुकीचा हा धागा सामुराई-चित्रपटांच्या परीक्षणात विशेष उपयोगी पडतो. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आलेल्या पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक जपानात पोहोचली व थोड्याच वर्षांत जपानी कारागीर ती स्वतः घडवू लागले. सामुराईंनी तिचा तिरस्कार केला नाही. तिचा मनापासून स्वीकार केला. मुळात योद्ध्याच्या विद्येस दीर्घकाळ ‘धनुष्य व अश्व यांचा मार्ग’ असे म्हणत. तलवार हा सामुराईचा आत्मा, ही कल्पना दृढ झाली ती एदो काळच्या दीर्घ शांततेत, म्हणजे तलवार चालविण्याचे प्रसंग विरळ झाल्यावर. ‘हागाकुरे’ या मृत्युनिष्ठेच्या प्रसिद्ध ग्रंथातील वचने ज्याची, त्या यामामोतो त्सुनेतोमोने रणांगण पाहिलेले नव्हते. बुशिदोला जगभर पोहोचविणारे नितोबे इनाझो यांचे पुस्तक १९०० मध्ये इंग्रजीत निघाले, तेव्हा सामुराई हा वर्गच उरलेला नव्हता.

हॉलिवूडच्या ‘द लास्ट सामुराई’ (२००३) या चित्रपटाने हा उत्तरकालीन आदर्श प्रत्यक्ष रणात उतरविला. त्याला आधार आहे तो १८७७ च्या सात्सुमा बंडाचा. चित्रपटातील बंडखोर बंदुकीला हात न लावता तलवारी घेऊन यंत्र-बंदुकांवर चालून जातात. वस्तुतः सरकारने कागोशिमा येथील दारूगोळा हलविण्यास आरंभ केला, तेव्हा साइगो ताकामोरीच्या पाठशाळांतील तरुणांनी कोठारांवर छापे घातले आणि त्यातूनच बंडाचा भडका उडाला. जी ठिणगी दारूगोळ्यावरून पडली, ती पडद्यावर दारूगोळ्याच्या तिरस्काराची कथा झाली! वेतनांचे रोख्यांत रूपांतर, १८७३ ची सक्तीची सैन्यभरती, १८७६ ची तलवारबंदी ही आर्थिक व सामाजिक कारणे गळून पडली आणि यंत्रयुगाला विटलेल्या आधुनिक माणसाचा पश्चात्ताप तेवढा उरला.

असे फेरफार करणे ही केवळ चित्रपटाची खोड आहे असे मात्र समजू नये. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी तीन रांगांत आळीपाळीने गोळीबार केला, हे प्रसिद्ध वर्णन नोबुनागाच्या सेवेत असलेल्या ओता ग्युइचीच्या बखरीत नाही. ते येते ओझे होआनने सतराव्या शतकाच्या आरंभी रंगवून लिहिलेल्या वृत्तांतात. पुढे कित्येक पिढ्यांनी ते इतिहास म्हणून स्वीकारले. लेखणीही रंजन करते; फक्त तिच्यावर संशय उशिरा येतो.

५

भाषेच्या बाबतीत अचूकतेचा प्रश्न निराळेच रूप घेतो. पडद्यावरील सामुराई स्वतःला ‘सेश्शा’ म्हणतो व वाक्याच्या अखेरीस ‘गोझारु’ योजतो. हे शब्द कल्पित नाहीत. परंतु सर्व प्रांतांचे, सर्व काळांचे सामुराई एकाच साच्यात बोलत, हे कल्पित आहे. नाटक व कथाकथन यांतून स्थिर झालेल्या अशा बोलीस भाषाशास्त्रज्ञ किन्सुइ सातोशी यांनी ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिका-भाषा, असे नाव दिले. २००३ मधील त्यांच्या ग्रंथाने हा विषय अभ्यासकक्षेत आणला. भाषा जेव्हा बोलणाऱ्याचा काळ वा प्रांत न दाखविता केवळ त्याची जात दाखविते, तेव्हा ती भूमिका-भाषा होते. चित्रपटातील शेतकऱ्याची कोणत्याही एका प्रांताची नसलेली गावंढळ बोलीही याच जातीची.

सोळाव्या शतकाच्या अखेरीचे जपानी खरोखर कसे उच्चारले जाई, याचा पुरावा मात्र उपलब्ध आहे. जेझुइटांनी १६०३ मध्ये नागासाकी येथे सुमारे बत्तीस हजार शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्याच्या रोमन लिपीतील नोंदींवरून दिसते की, आजच्या ‘हाना’ (फूल), ‘हितो’ (माणूस) या शब्दांचा आरंभ तेव्हा ‘फ’सदृश ओष्ठ्य ध्वनीने होत असे आणि आजचा ‘से’ हा ‘शे’सारखा उच्चारला जाई. मराठी अभ्यासकाला हा पुरावा परका वाटू नये. जपानमधील जेझुइट कार्याचा दुवा गोव्याशी होता. फ्रान्सिस झेवियर तेथूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमास पोहोचला आणि जपानात १५९० मध्ये मुद्रणयंत्र घेऊन परतलेले शिष्टमंडळ वाटेत गोव्यास राहिले होते. परकी भाषा कानाने टिपून रोमन लिपीत उतरविण्याची जी रीत या कोशात दिसते, तीच फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात व त्याच्या कोकणी व्याकरणात आढळते.

परंतु १५८६ च्या कथेतील पात्रांनी ‘फाना’, ‘फितो’ असे उच्चारावे काय? उच्चाराची ही अचूकता प्रेक्षकाला त्या काळाच्या जवळ न नेता दूर लोटील. कारण त्या काळच्या श्रोत्याला जे सहज होते, तेच आजच्या श्रोत्याला चमत्कारिक वाटेल. विवाहित स्त्रियांचे काळे केलेले दात व काढून टाकलेल्या भुवया बहुतेक चित्रपट याच कारणाने टाळतात. याउलट योजी यामादा यांच्या ‘तासोगारे सेइबेइ’ (२००२) या चित्रपटाने पन्नास कोकू वेतनाचा दरिद्री सामुराई शोनाई प्रदेशाच्या बोलीत बोलता केला. ध्वनींचे पुरातत्त्व त्यात नाही. पण सामुराई हा कोठल्या तरी गावचा, कर्जात बुडालेला, घरी जोडधंदा करणारा माणूस होता, हे त्या बोलीने सांगितले. भाषेतील खरी अचूकता ती हीच.

६

या सर्व विवेचनाची कसोटी म्हणून मासाकी कोबायाशी यांच्या ‘सेप्पुकु’ (१९६२) या चित्रपटाकडे पाहावे. कथा १६३० मधील, आधार यासुहिको ताकिगुची यांच्या लघुकथेचा, नायक कल्पित. त्याची पार्श्वभूमी मात्र ऐतिहासिक आहे. हिरोशिमाचा सरदार फुकुशिमा मासानोरी याचे संस्थान शोगुनशाहीने १६१९ मध्ये काढून घेतले. अशा कृत्यांनी निराधार झालेल्या योद्ध्यांचा प्रश्न पुढे इतका चिघळला की, १६५१ मध्ये युइ शोसेत्सुचा कट उघडकीस आला. असा एक रोनिन इई घराण्याच्या एदोतील वाड्यात येऊन पोट चिरण्यासाठी जागा मागतो, आणि त्याच्या निवेदनातून त्या घराण्याच्या प्रतिष्ठेचे वाभाडे निघतात.

चित्रपटाचा आरंभ व शेवट घराण्याच्या दप्तरातील नोंदीने होतो. शेवटच्या नोंदीत वाड्यात झालेली झुंज नाही. मारले गेलेले सेवक आजाराने वारले असे लिहिले जाते, भिंतींवरील रक्त पुसले जाते आणि विस्कटलेले चिलखत पुन्हा जागेवर बसविले जाते. येथे प्रेक्षक तलवारबाजीने जागच्या जागी खिळून राहतो. मनोरंजनात काही उणे नाही. आणि नेमके त्याच मार्गाने त्याला असे काही कळते, की जे पूर्णाकृती दालन बांधूनही मिझोगुचींच्या चित्रपटाला सांगता आले नाही : घराण्यांची दप्तरे ज्यांच्या ताब्यात होती, त्यांनीच सामुराईच्या इतिहासाचे पहिले संपादन केले.

म्हणून सामुराई-चित्रपटाची परीक्षा तीन पायऱ्यांनी व्हावी. वस्तूंचा तपशील बरोबर आहे काय, ही पहिली व सर्वांत सोपी पायरी. माणसांमधील संबंध, म्हणजे कोण कोणाचा धनी, कोणाचे पोट कशावर, कोणाच्या हाती कोणते शस्त्र, हे त्या काळाचे आहेत काय, ही दुसरी. आणि ही कथा आज कोणाच्या सोयीची आहे, ही तिसरी. पहिल्या पायरीवरच थांबणारा परीक्षक खांब मोजील व फसेल. इई घराण्याची अखेरची नोंद पहिल्या पायरीवर उभे राहून वाचली, तर तीत एकही चूक सापडणार नाही.