उपवासाची बचत आणि भुकेल्याचें ताट



जुबिली म्हटली कीं मंडप, वाजंत्री आणि जेवणावळी हीं ओघानेंच आलीं, व त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु अशा आनंदाच्या प्रसंगींच, ज्यांच्या घरीं चूल पेटत नाहीं त्यांचें स्मरण करणें हें ख्रिस्तसभेचें जुनें वळण आहे. म्हणून कुटुंबाच्या काटकसरींतून भुकेल्यांस घास देण्याच्या प्रथेचा थोडासा इतिहास येथें निवेदन करितों.

ही प्रथा आजकालची नव्हे. दुसऱ्या शतकांतील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथांत, उपवासाच्या दिवशीं न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजून ती विधवा, अनाथ किंवा गरजू मनुष्यास द्यावी, असा उपदेश आहे. त्याच शतकांत अथेन्सच्या आरिस्तिदेसानें रोमी बादशहापुढें ख्रिस्ती लोकांची बाजू मांडिली. तींत तो सांगतो कीं, हे लोक जवळ शिल्लक नसली तर दोन-तीन दिवस उपाशी राहून दरिद्री बंधूची गरज भागवितात. पांचव्या शतकांत पोप थोर लिओ यांनींही आपल्या प्रवचनांत उपवास व दानधर्म यांची सांगड वारंवार घातली. सारांश, उपवासानें वांचलेला पैसा आपल्याच पेटींत राहिला तर ती निव्वळ बचत होय; तो भुकेल्याच्या हातीं गेला म्हणजेच उपवास पुरा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या जुन्या प्रथेस नवें बळ आलें. १९४६ च्या अखेरीस जर्मनींतील कोलोन शहरीं थंडी व उपासमार भयंकर होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं कार्डिनल फ्रिंग्स यांनीं प्रवचनांत सांगितलें कीं, जीव व आरोग्य राखण्यास अवश्य तेवढें दुसऱ्या मार्गानें मिळत नसेल, तर तें घेणाऱ्यास दोष देतां येणार नाहीं. लोकांनीं कोळसा उचलून आणण्याच्या कृत्यास कार्डिनलांच्याच नांवावरून एक नवें क्रियापद बनविलें! पुढें १९५८ सालीं याच कार्डिनलांनीं फुल्डा येथें बिशपांपुढें, जगांतील भूक व रोग यांविरुद्ध प्रायश्चित्तकाळांत निधि उभारण्याची योजना मांडिली. तिचें नांव ‘मिझेरिओर’. उपाशी समुदाय पाहून प्रभूस आलेल्या कळवळ्यावरून तें घेतलें आहे. काल जो भुकेला होता, त्यानेंच आज परक्याची भूक ओळखली.

या कार्यांत कुटुंबवत्सल स्त्रियांचा वाटा मोठा आहे. १९५५ सालीं कॅथॉलिक स्त्रियांच्या जागतिक संघटनेनें भुकेविरुद्ध युद्ध पुकारलें. १९५९ सालीं स्पेनमधील भगिनींनीं ती हांक उचलली. इंग्लंडांत ११ मार्च १९६० रोजीं भगिनींनीं ‘कुटुंबाचा उपवासदिन’ पाळविला. डोमिनिका बेटावरील माता व अर्भकें यांच्या दवाखान्यासाठीं सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. पुढें १९६२ सालीं तेथील बिशपांनीं त्यांतूनच ‘काफोड’ ही संस्था स्थापिली. अमेरिकेंत १९७५ सालीं आफ्रिकेंतील दुष्काळ पाहून अॅलनटाउन येथें ‘राइस बोल’, म्हणजे तांदळाचा वाडगा, हा उपक्रम सुरू झाला. जेवणाच्या मेजावर पुठ्ठ्याचा एक वाडगा ठेवावयाचा, साधें जेवण करावयाचें आणि वांचलेले पैसे त्यांत टाकावयाचे, एवढीच त्याची रीत.

आपला देशही यांत मागें नाहीं. १९६० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें भूकमुक्तीची मोहीम आरंभिली, तेव्हां तिचे मुख्याधिकारी बिनय रंजन सेन हे भारतीय गृहस्थ होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत निवारणाचें काम त्यांनीं स्वतः केलें होतें. १९६२ सालीं ‘कॅरितास इंडिया’ स्थापन झाली. १९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पौल मुंबईस आले, तेव्हां शस्त्रांवरील खर्चांतून कांहीं भाग काढून गरिबांसाठीं जागतिक निधि उभारावा, असें आवाहन त्यांनीं येथूनच सर्व राष्ट्रांस केलें.

कोणी विचारील, आमच्या चार नाण्यांनीं जगाची भूक कशी भागणार? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं सुमारें ६७ कोटि लोक उपाशी होते; तेव्हां शंका रास्त आहे. भुकेचें कारण केवळ धान्याची टंचाई नव्हे. युद्ध, अवर्षण, कर्ज व बेकारी हींही आहेत, आणि तीं दूर करणें हें राज्यकर्त्यांचें काम आहे. तथापि बियाणें, विहीर, औषध हीं अशा नाण्यांतूनच उभीं राहिलीं आहेत. शिवाय, ज्या घरांत दर शुक्रवारीं भुकेल्याचें नांव निघतें, त्या घरचीं मुलें मोठेपणीं अन्याय पाहून स्वस्थ बसत नाहींत.

मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. काटकसर आपल्या ताटांतली असावी, मजुराच्या मजुरींतली नव्हे. आपल्या घरांत माउली सर्वांच्या मागून जेवते व उरलेंसुरलें खाते. कुटुंबाच्या उपवासाचा भार तिच्या एकटीच्याच ताटावर पडला, तर तो देवास कसा मान्य व्हावा? तेव्हां प्रथम तिचें ताट सर्वांबरोबर वाढा, आणि मग मासळीचा एक तुकडा सर्वांनींच कमी घ्या.

जुबिलीचा मंडप उद्यां उतरेल; परंतु प्रत्येक घरीं भुकेल्यांसाठीं एक डबा राहिला, तर हा उत्सव सार्थकीं लागला असें म्हणतां येईल. प्रभु आपणां सर्वांच्या अन्नास बरकत देवो.