पाचवा गिअर

राजुऱ्याहून निघणारा कोणताही रस्ता घ्या, त्याचा स्वभाव गाडीच्या गिअरवरून सांगता येतो. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरकडे निघालात तर कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांमागे दुसरा आणि तिसरा गिअर आलटून पालटून टाकत जावे लागते. गडचांदूरवरून जिवतीच्या डोंगराकडे वळलात, तर चढावर दुसरा आणि अवघड वळणावर पहिला. आसिफाबादच्या बाजूला जंगलातला रस्ता मोकळा मिळाला तर चौथा. पाचव्या गिअरची गरज भासावी असा रस्ता आमच्या तालुक्यात पुष्कळ वर्षे नव्हताच. आणि गंमत अशी, की या देशातल्या सर्वसामान्य माणसाच्या छोट्या मोटारीलाही पुष्कळ वर्षे पाचवा गिअर नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तोच आज सांगायचा आहे.

आधी गिअरबॉक्स कशासाठी असते ते थोडक्यात पाहू. मोटारीच्या इंजिनाची एक खोड आहे. ते फार हळू फिरले तर त्यात जोर नसतो, फार जोरात फिरले तर ते तेल पिते, तापते आणि झिजते. मधल्या एका टप्प्यातच ते नीट काम करते. रस्ता मात्र इंजिनाच्या सोयीने बांधलेला नसतो. कुठे चढ, कुठे उतार, कुठे थांबून निघायचे, तर कुठे एकसारखे धावायचे. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये कमीजास्त दातांची चक्रे बसवतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन भराभर फिरते, चाक सावकाश फिरते आणि जोर मिळतो. वरच्या गिअरमध्ये जोर कमी होतो, पण इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त अंतर कापते. जड बंडी ओढणारा बैल आणि शर्यतीत पळणारा बैल, हे दोन्ही काम एकाच जनावराकडून करून घेण्याची ही युक्ती आहे.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये पनार आणि लव्हासोर यांच्या कारखान्यात १८९१ च्या सुमारास सरकत्या चक्रांची गिअरबॉक्स मोटारीत आली. फिरती चक्रे एकमेकांत अडकवताना खडखडाट होई आणि चालकाचे कसब पणाला लागे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने दोन्ही चक्रांचा वेग आधी सारखा करून मग ती जोडणारी रचना आणली. आपले मिस्त्री ज्याला सिंक्रो म्हणतात ती हीच. अमेरिकेत मोठी इंजिने होती, त्यांना तीन गिअर पुरत. युरोपातल्या छोट्या इंजिनांना चार लागले. पाचवा गिअर मात्र बराच काळ शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या गाड्यांपुरता राहिला.

मग रस्ते बदलले. इटलीचे उदाहरण घ्या. १९६२ मध्ये अल्फा रोमिओने ज्युलिया ही चार दारांची गाडी आणली, तिला पाच गिअर होते. त्याच सुमारास मिलानहून नेपल्सला जाणारा द्रुतगती मार्ग बांधला जात होता, तो १९६४ मध्ये पुरा झाला. तासन् तास एकाच वेगाने धावता येईल असा रस्ता झाला, की इंजिनाला विसावा देणारा एक गिअर हवासा वाटू लागतो. पुढे १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडला, किमती भडकल्या, आणि तेल वाचवण्याचा एक मार्ग म्हणून पाचवा गिअर युरोपात हळूहळू साध्या गाड्यांतही उतरला.

आपल्याकडे तेव्हा काय होते? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत होती. तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. बंगालमध्ये उत्तरपाड्याला अॅम्बेसेडर बनत होती. दोन्हींना चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. इटलीत मूळ कंपनी पुढे निघून गेली, पण आपल्याकडे परवाना, परकीय चलनाची चणचण आणि बंद बाजारपेठ, यामुळे तीच गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चालू राहिली. दोष केवळ कारखानदारांचा नव्हता. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने डांबरावरून खाली उतरायचे, असे आपले बहुतेक रस्ते होते. त्या रस्त्यांवर पाचवा गिअर टाकून करायचे काय?

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तीही चार गिअरचीच. जपानच्या सुझुकीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना जोर आणि चार गिअर. आमच्या भागात ही गाडी आधी दिसली ती सिमेंट कारखान्यांच्या आणि कोळसा खाणींच्या वसाहतींत. राजुऱ्याच्या बाजारात ती उभी राहिली की भोवती मुले जमत. लहान इंजिन, हलकी गाडी, कमी किंमत, या हिशेबात चार गिअर पुरेसे होते. एक गिअर वाढवायचा म्हणजे चक्रांची जोडी आली, सिंक्रो आला, घडणावळ आली. किमतीच्या गणितात तो पैसा मोठा असतो. पुढे २००९ मध्ये टाटांची नॅनो रस्त्यावर आली तेव्हा तिलाही चारच गिअर दिले होते, ते याच गणितामुळे.

पाचवा गिअर आपल्याकडे वरून खाली आला. आधी काँटेसासारख्या मोठ्या गाडीत, मग नव्वदीच्या सुरुवातीला इसुझुचे इंजिन बसवलेल्या अॅम्बेसेडरमध्ये, आणि १९९३ मध्ये मारुती झेनमध्ये. २००० साली तो खुद्द मारुती ८०० च्या एका प्रकारात आला. त्याच वर्षी आल्टो आली, तिलाही पाच गिअर. आणि २००० हेच वर्ष होते, जेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला. २००२ मध्ये तो पूर्ण झाला. इटलीत साठच्या दशकात जे घडले, ते आपल्याकडे जवळपास चाळीस वर्षांनी घडले. रस्ता आणि गिअर पुन्हा एकदा बरोबरच आले.

पण ८०० चा हा पाच गिअरचा प्रकार फार वर्षे टिकला नाही. चार गिअरची साधी ८०० मात्र जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत निघत राहिली. म्हणजे देशाने सर्वांत जास्त काळ जिला आपली गाडी मानले, तिच्या मालकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला पाचवा गिअर आलाच नाही. कारखान्याने न दिलेली ही गोष्ट काही लोकांना तालुक्याच्या गॅरेजने दिली. इतिहासाच्या पुस्तकात न येणारा भाग इथून सुरू होतो.

माझ्याकडे १९९६ ची चार गिअरची ८०० होती. शाळेतल्या नोकरीला आणि बाजाराला ती उत्तम होती. मग घरात आजारपण आले आणि महिन्यातून दोनदा नागपूर गाठावे लागू लागले. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये. त्याआधी मोठ्या तपासणीसाठी आमच्या भागातली माणसे नागपूरची नाहीतर सेवाग्रामची वाट धरत. नागपूर आम्हाला साधारण १८० किलोमीटर. वरोऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला की गाडी ऐंशीच्या वेगाने जाई, पण इंजिनाचा आवाज इतका होई की मागच्या सीटवर उशी टेकून पडलेल्या माणसाला तो सोसवत नसे. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा कोणीतरी सुचवले, पाच गिअरची बॉक्स बसवून घ्या.

बल्लारपूरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, बॉक्स बसवून देतो, पण पाचवा गिअर तुम्ही लावाल कोठं?" मला आधी तो प्रश्न उद्धट वाटला. मग त्याने समजावून सांगितले. साठच्या खाली पाचवा टाकला तर हे लहान इंजिन कुथते, गाडी गचके खाते आणि तेल वाचण्याऐवजी जास्त जळते. राजुरा ते चंद्रपूर तो जवळजवळ लागणारच नाही. घाटात तर नाहीच नाही. "तुमची नागपूरची वारी आहे म्हणून करतो. नुसती हौस असती तर नको म्हटलं असतं," असे तो म्हणाला.

काम दोन दिवस चालले. ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला. एक गिअर वाढला म्हणजे बॉक्सची लांबी वाढते, आणि दोन चाकांच्या मधली जागा तर ठरलेली. म्हणून सुझुकीच्या या बॉक्समध्ये पाचव्या गिअरची चक्रे मुख्य घराच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसवलेली असतात. घर भरले म्हणून पडवी काढावी तशी. मिस्त्रीने नागपूरच्या भंगार बाजारातून पाच गिअरच्या ८०० ची बॉक्स आणली, आणि आणताना तिच्याबरोबरचे माउंटिंग, गिअरची दांडी आणि ड्राइव्ह शाफ्टही मागून घेतले. "नुसती बॉक्स आणणारा फसतो, सोबतचं सगळं आणणारा वाचतो," हे त्याचे सूत्र होते. पुढची चाके काढली, गिअर ऑइल सोडले, शाफ्ट ओढून घेतले, इंजिनाला वरून लाकडी बल्लीचा आधार दिला आणि जुनी बॉक्स खाली उतरवली. बॉक्स खाली आलीच आहे तर क्लचप्लेटही नवी टाकून घ्या, असा त्याने आग्रह धरला. पुन्हा तेवढ्यासाठी सारे उघडायला लागू नये म्हणून.

फरक काय पडला? गाडीचा कमाल वेग वाढला नाही. अनेकांची तशी समजूत असते, पण पाचवा गिअर इंजिनात नवी ताकद घालत नाही, आहे ती ताकद तो वेगळ्या रीतीने वाटून देतो. हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, चौथ्यात ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते, आणि पाचव्यात त्याहून १५ टक्के कमी फेरे लागतात. तर त्याच वेगाला ते ३४०० फेरे घेईल. मिनिटाला ६०० फेरे वाचले, तासाला ३६ हजार. तेवढी झीज, तेवढा आवाज, तेवढी धडधड कमी. आजारी माणसाला नागपूरच्या वाटेवर डोळा लागू लागला, हा आमच्या घरचा हिशेब.

या बदलाला एक कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. नोंदणीत इंजिनाचा आणि चॅसीचा क्रमांक असतो. म्हणूनच आमच्या मिस्त्रीने कामाच्या आधी दोन्ही क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिले होते. तरीही असे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, हे बरे.

आता काळ आणखी बदलला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या मोडीचे धोरण जाहीर केले. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर तिला तपासणीत उतरावे लागते. जुन्या ८०० एकेक करून मोडीत निघत आहेत. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते, त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना गिअर बदलावाच लागत नाही. फ्रान्समध्ये सुरू झालेली सरकत्या चक्रांची गोष्ट सव्वाशे वर्षांनी संपण्याच्या मार्गाला लागली आहे.

राजुऱ्याला इतिहास पुष्कळ आहे. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये आदिलाबादमधून निघून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. या घटना राजपत्रांत नोंदल्या आहेत. पण नदीपलीकडच्या आणि सरहद्दीवरच्या या मुलखात माणसे दवाखान्यापर्यंत, कचेरीपर्यंत, बाजारापर्यंत कशी पोचली, याची नोंद कुठे? जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने बल्लारपूरची वाट बंद झाली, तेव्हा तो एक रस्ता आमच्यासाठी काय आहे हे पुन्हा कळले. अशा रस्त्यांवर जुनी गाडी आणखी दहा वर्षे चालती ठेवणारी माणसे गॅरेजमध्ये बसलेली आहेत. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो आणि कोणता बसत नाही, हे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. ते कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात छापलेले नाही, आणि त्यांच्या मुलांना आता त्याची गरज उरलेली नाही.

शाळा-महाविद्यालयांत स्थानिक इतिहासाचे प्रकल्प दिले जातात. विद्यार्थी किल्ल्यांवर जातात, माणिकगड पाहून येतात, ते योग्यच आहे. एखाद्या शनिवारी त्यांनी एक वही घेऊन तालुक्याच्या गॅरेजमध्येही जावे. तिथल्या वयस्क मिस्त्रीला विचारावे, तुम्ही पहिली गाडी कोणती उघडली, तेव्हा रस्ता कसा होता, लोक कशासाठी गाडी घेऊन येत? उत्तरांतून तालुक्याचा पन्नास वर्षांचा इतिहास बाहेर येईल. ती सांगणारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम उरकून घेतले पाहिजे.