चक टेलरचं वजन

कॉन्व्हर्सचा जुना ऑल स्टार हातात घेतला की जड लागतं ते रबर. कापडाचं वजन ते काय असणार! भरीव तळ, कडेने फिरवलेली पट्टी, पुढे अर्धगोल टोपी, हे सगळं कॅनव्हासला चिकटवून अख्खा बूट भट्टीत शिजवतात. गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करण्याची ही करामत चार्ल्स गुडइयरची, १८३९ मधली.

मार्क्विस कॉन्व्हर्सने १९०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनला रबरी पादत्राणांची कंपनी काढली. १९१७ चा ऑल स्टार बास्केटबॉलसाठी होता, पण तो गावोगावी पोचवला चक टेलरने. गडी मूळचा खेळाडू. १९२० च्या दशकात कंपनीत विक्रेता म्हणून लागला. शाळा-कॉलेजांत शिबिरं घ्यायची, पोरांना पास द्यायला शिकवायचं आणि जाता जाता बूट खपवायचे. पुढे त्याची सही घोट्यावरच्या ताऱ्यापाशी आली, तरी तो राहिला पगारीच. आजच्या खेळाडूंचे बूटकरार बघता भाबडाच म्हणायचा! १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन संघाच्या पायांत हेच बूट होते. अंतिम सामना उघड्यावर झाला, पावसाने मैदानाचा चिखल झालेला. चेंडू टप्पा घेईना. कॅनडाविरुद्ध निकाल १९-८.

सत्तरच्या दशकात चामड्याच्या बुटांनी ऑल स्टारला कोर्टवरून हुसकावलं. तो रॉकवाल्यांच्या आणि कॉलेजकुमारांच्या पायांत उरला. खेळच सुटल्यावर सपाट, कडक तळाबद्दल कुरकुर कोण करणार? उलट तीच त्याची ओळख झाली. कंपनीने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २००३ मध्ये नायकीने ती सुमारे ३०.५ कोटी डॉलरना घेतली.

खरी गंमत इथून पुढे. २०१५ च्या चक टू या नव्या आवृत्तीत बाहेरचं रूप जवळपास तेच ठेवून आत नायकीचा लुनारलॉन फोम घातला. गाजावाजा झाला, पण विक्री जेमतेम. पुढच्या वर्षीच्या ऑल स्टार मॉडर्नने तर रबरी तळालाच हात घातला: वर विणलेलं कापड, खाली साच्यात दाबलेला फायलॉन फोम. फोमच्या पोटात बारीक बुडबुडे, म्हणून तो हलका. याउलट २०१३ चा चक ७० जुन्या बांध्याचा, जाड कॅनव्हासचा, चकाकत्या रबराचा. आणि लोकांनी उचलून धरला तो हाच.

लोकांचं बरोबरही असेल. पण रोज घालायला मला हलकाच आवडतो. गर्दीच्या वेळी दादरचा पूल चढताना घोट्यावरची सही कोण वाचतंय!