गामाची दुसरी कुस्ती

मुष्टियुद्ध असो वा कुस्ती, तीच जोड पुन्हा लागली की लोक ताकद आणि वय पाहून भाकीत करतात. आखाडा आणि नियम कोणाचे, हे मात्र कुणी विचारत नाही.

गुलाम मोहम्मद बक्ष ऊर्फ गामा १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी भिडला. गामाचा जोर ओळखताच झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला. गामा अडीच तासांहून अधिक झुंजला, पण पाठ काही लागली नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ तारखेला ती पुन्हा ठरली, तेव्हा झिबिस्को फिरकलाच नाही.

जानेवारी १९२८ मध्ये दोघे पतियाळ्यात समोरासमोर आले. दोघांचीही चाळिशी उलटली होती. महाराज भूपिंदरसिंग गामाचे आश्रयदाते. कुस्ती देशी पद्धतीची, पाठ लागली की निकाल. झिबिस्कोला पालथे पडण्याचीही उसंत मिळाली नाही. एका मिनिटाच्या आत तो चीत झाला.

पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानात हा विजय हिंदू-मुसलमान साऱ्यांचा ठरला. इतिहासात 'बरोबरी' लिहिलेली दिसली, तर नियम कोणाचे होते, हे आपण आधी विचारावे.

सावंगी (मेघे), जि. वर्धा