तीन आवृत्त्या, शिल्लक प्रती शून्य

मागच्या रविवारी भाईंदरहून बसने उत्तनला गेलो होतो. चर्चमध्ये मराठीत प्रार्थना चालू होती. बाहेर उभं राहून ऐकताना फादर स्टीफन्स आठवले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला. तिथल्या साष्टीत (आपली मुंबई-ठाण्याची साष्टी नव्हे, गोव्यातली!) नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पंचाईत झाली होती. जुनी पुराणं सुटली, मग ऐकायचं काय? त्यांच्यासाठी या गोऱ्या पाद्र्याने चक्क ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. एकूण दहा हजारांहून जास्त ओव्या!

मध्ययुगातल्या काही ग्रीक हस्तलिखितांत पानाच्या मधोमध शुभवर्तमान आणि भोवती समासात भाष्य असतं. स्टीफन्सने समास ठेवलाच नाही. श्रोता मधेच शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. म्हणजे भाष्य कथेतच मुरलेलं. ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानांना ही पद्धत परकी वाटली नसणार.

आता खरी गंमत. हे पुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. आपल्या भाषेत तीन रिलीज! पण आज त्यातली एकही छापील प्रत सापडत नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं.

मग पुराण वाचलं कसं? लोकांनी हाताने नकला केल्या म्हणून. अशाच हस्तलिखित प्रती जुळवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. लंडनला मार्सडेनच्या संग्रहात तर देवनागरी प्रत निघाली. तिच्यात पोर्तुगीज शब्द कमी आणि संस्कृत वळणाचे जास्त. मूळ कुठलं यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आम्ही ऑफिसात बॅकअपच्या गप्पा मारतो. सर्व्हर, टेप, दुसऱ्या शहरातली कॉपी वगैरे. इथे छापखाना हरला आणि कुणा अनामिकाचा बोरू जिंकला. त्या माणसाला फक्त आपल्या भाषेतली कथा घरात हवी होती.

उत्तनहून परतताना वाटलं, आजीच्या ओव्या मी अजून कुठेच उतरवून घेतलेल्या नाहीत. या शनिवारी वही घेऊन बसायचंय. बघू.